पहिलं पाणी

लेख स्वीकारल्याचं पत्र आलं सोमवारी.
खाली दोन चौकटी, एकीत खूण करा.

पहिली: खुला. कुणीही, कुठूनही वाचावा.
त्याचे अकराशे ओमानी रियाल, कर वेगळा.
दुसरी: वर्गणीदारांपुरता.
त्याला पैसा पडत नाही,
फक्त हक्क लिहून द्यायचे, कायमचे.

अकराशे रियाल म्हणजे
इब्रातल्या माझ्या दोन खोल्यांचं आठ महिन्यांचं भाडं.
विभागप्रमुख म्हणाले, "दुसरी करा,
बढतीच्या तक्त्यात गुण सारखेच."
खरंय ते.
निधीच्या रकान्यात यंदा एक आडवी रेघ आहे.

लेख फलजवर:
डोंगराच्या पोटातून येणारं पाणी
सहा वर्षांत किती आटलं, क्षार कधी चढले.
बाटल्या भरल्या मी, चिठ्ठ्या डकवल्या मी,
पण कुठे वाकायचं, कुठे हात घालायचा नाही,
हे दाखवलं खल्फान बिन सुवैद यांनी.
ते फलजचे वकील.
कोर्टातले नव्हेत, इथे वकील पाण्याचा असतो:
कुणाची पाळी कधी, किती, हे वहीत लिहितो
आणि वहीवर वाद झाला तर ताऱ्यांकडे बघतो.
आमच्या साक्रीकडे, पांझरेच्या फडावर,
अशा माणसाला पाटकरी म्हणतात.
त्यांनी तो शब्द तोंडात घोळवून पाहिला.
बातकरी, म्हणाले. बातकरी.

दर खेपेला कहवा, खजूर, आणि एकच प्रश्न:
"काय म्हणतात तुझ्या बाटल्या?"
मी म्हणायचे, छापून तर येऊ दे.

मंगळवारी रात्री एक आकडा हवा होता,
माझ्याच दोन वर्षांपूर्वीच्या लेखातला.
विद्यापीठाची वर्गणी जानेवारीत संपलेली.
पडद्यावर कुलपाचं चित्र, एवढंसं, गोंडस,
आणि शेजारी: एकोणचाळीस डॉलर, चोवीस तासांसाठी.
वर माझं नाव, स्पेलिंगसकट बरोबर.
पुण्याला नीलाक्षीला निरोप टाकला, तुझ्याकडे उघडतो का गं?
पाच मिनिटांत फाइल आली.
असं चालतं आमचं,
शेजारून वाटीभर साखर आणावी तसं.

आणि खुल्याचं तरी काय मोठं कौतुक?
वाचणाऱ्याच्या खांद्यावरचं ओझं
उचलून लिहिणाऱ्याच्या डोक्यावर.
ज्याच्या विभागाकडे रियाल, त्याचंच दार सताड.

गुरुवारी दुसऱ्या चौकटीत खूण केली.
करताना हात थरथरला वगैरे नाही.
अटी मात्र पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचल्या.
नवव्या कलमात एक फट होती:
लेखकाची साधी, न सजवलेली प्रत
संस्थेच्या संग्रहात ठेवता येईल, बारा महिन्यांनी.
बारा महिने.
तेवढ्यात फलज किती बोटं खाली जाईल
ते त्याच लेखात आहे, तक्ता चार.

म्हणून शुक्रवारी एक पान घेऊन गेले.
सगळं नव्यानं, साध्या शब्दांत लिहिलेलं,
जुवैनानं, माझ्या विद्यार्थिनीनं, अरबीत केलेलं.
खल्फान पाण्याशीच बसले होते,
फलज गावात शिरतो तिथल्या दगडी पायरीवर.
एक ट्रकवाला कॅन भरत होता, कुठला कोण जाणे.
"याची पाळी?" मी विचारलं.
"इथे पाळी नसते. प्यायचं पाणी कुणीही न्यावं.
इथून खाली मात्र तास मोजून, लिलावात."
मी काही म्हणायच्या आतच ते म्हणाले,
"लिलाव नको कसा? भुयारातला गाळ
कोण फुकट उपसतो?"

मग चष्मा लावून पान वाचलं.
बोट ओळीओळीनं सरकत गेलं, थांबलं.
"वादीला पूर आला तो मार्चात.
माझ्या धाकटीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी,
तंबू वाहून गेले. एप्रिल नव्हे."

खिशातून पेन्सिल काढून त्यांनी महिना खोडला.

तीन परीक्षकांनी वाचला होता तो लेख.
मुद्रितं रविवारी यायची आहेत.